भंडारदरा ते ओझर सायकलवर निघालात? कालव्याकडेला जपून

पाऊस उघडला की अकोले तालुक्यात सायकलवाले दिसायला लागतात. घाटघर, भंडारदरा, रंधा धबधबा, राजूर, अकोले आणि पुढे संगमनेर तालुक्यातला ओझर बंधारा, असा हा प्रवरा खोऱ्यातला रस्ता. वर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचं जंगल नि भातखाचरं, खाली ऊस. ओझरला प्रवरेचे डावा-उजवा कालवे सुटतात.

कालव्याच्या भरावावरून सायकल नेताना जपा. आवर्तन चालू असलं की पाण्याला ओढ असते. अस्तरीकरण झालं असेल तिथं उतार गुळगुळीत. पडलेल्याला वर चढता येत नाही. हातपाय धुवायलाही उतरू नका. कुणी पडलंच तर मागोमाग उडी मारू नका. दोर, साडी, लांब काठी टाका, ११२ ला फोन करा.

वाट विचारणाऱ्याला आपणही सांगावं, पाणी सुटलंय का ते.