गर्भारपणातील व प्रसूतीनंतरचा उदरदाब आणि पोट बांधण्याची प्रथा

बाळंतिणीचे पोट जुन्या, मऊ लुगड्याने बांधण्याची प्रथा महाराष्ट्रात आजही टिकून आहे. बाळंतपणानंतर पोटात पोकळी राहते व तीत वारा भरतो, असे तिचे कारण सांगितले जाते. चरकसंहितेच्या शारीरस्थानातही सूतिकेचे उदर मोठ्या वस्त्राने वेष्टावे, म्हणजे वायूला अवकाश उरत नाही, असे प्रतिपादन आढळते. शरीरक्रियाशास्त्राच्या दृष्टीने हा प्रश्न उदरदाबाचा होय.

एरवी उताण्या स्थितीत उदरपोकळीतील दाब साधारणतः पाऱ्याच्या ७ मिलिमीटरपेक्षा अधिक नसतो. दिवस भरत आलेल्या स्त्रीत तो १० ते १४च्या घरात जातो. अतिदक्षता विभागात १२ पासूनच अति-उदरदाब मानला जातो, हे येथे लक्षात घ्यावे. गर्भवती हा भार पेलते, कारण तो महिनोन्महिने हळूहळू वाढतो आणि उदरभित्तीही त्यासोबत ताणत जाते. श्वासपटल सुमारे ४ सेंटिमीटर वर सरकते, जठर दाबले जाऊन छातीत जळजळ होते. उताणे निजल्यास गर्भाशयाचा भार अधोमहाशिरेवर पडतो, हृदयाकडे परतणारे रक्त घटते व भोवळ येते. कुशीवर निजण्याचा सल्ला त्यासाठीच असतो.

प्रसूती होताच चित्र पालटते. महाशिर मोकळी होते आणि आकुंचन पावणाऱ्या गर्भाशयातील सुमारे ५०० मिलिलिटर रक्त अभिसरणात परतते. निरोगी स्त्रीस ते बाधत नाही. हृदयरोग असलेल्या स्त्रीच्या फुप्फुसांत मात्र याच काळात पाणी साचू शकते. दाब उतरला तरी उदरभित्ती लगेच आवळत नाही. मधल्या रेषेत दुभंगलेले उदरस्नायू जवळ येण्यास कित्येक आठवडे, कधी कधी त्याहून अधिक काळ लागतो.

पोटात रिकामी पोकळी मात्र राहत नाही. आतडी ती जागा व्यापतात. तेव्हा वाऱ्याचे कारण टिकत नाही, प्रथेचा उपयोग काही अंशी टिकतो. सिझेरियननंतर पट्ट्याच्या आधाराने उठणे, खोकणे सुसह्य होते. स्नायूंमधील फट त्याने भरून येते, असे मात्र म्हणता येत नाही. शिवाय पोट करकचून आवळल्यास दाब खाली, प्रसूतीत नुकत्याच ताणलेल्या श्रोणितलावर जातो. ज्या स्त्रीस अंग बाहेर येण्याचा त्रास आहे, तिला हे विशेष घातक ठरू शकते. मोकळा श्वास घेता येईल व ओटीपोटात खाली जडपणा जाणवणार नाही, इतकेच बांधणे युक्त. जडपणा जाणवल्यास पट्टा सोडून वैद्यकीय तपासणी करून घेणे इष्ट.