कॅमकॉर्डर चित्रणातील रुंद चौकटीचे गुणोत्तर

चित्रचौकटीचे गुणोत्तर म्हणजे चित्राची रुंदी व उंची यांचे प्रमाण. जुन्या दूरचित्रवाणी संचांचे ते ४:३, तर रुंद पडद्याचे १६:९ असते. भारतात प्रचलित असलेल्या पाल पद्धतीच्या डीव्ही चित्रणात दोन्ही प्रकारची चित्रे ७२० × ५७६ बिंदूंतच साठवली जातात. रुंद चित्र आडवे आक्रसून नोंदवले जाते व ते १६:९ प्रमाणात ताणून दाखवावे, अशी खूण सोबत असते. रूपांतरात ही खूण हरवली, की मीरा-भाईंदरमधल्या एखाद्या घरच्या लग्नाच्या मिनीडीव्ही फितीतील आजी-आजोबा अकारण उंच व किडकिडीत दिसू लागतात.

अशा वेळी चित्र सहसा नष्ट झालेले नसते. एफएफएमपेगसारख्या मुक्त आज्ञावलीने पुन्हा संकेतन न करता, म्हणजे दर्जा न घटवता, योग्य खूण लिहिता येते. प्रदर्शक आज्ञावली खूण जुमानत नसल्यास चित्र १०२४ × ५७६ असे रुंद करावे. उंची घटवून ७२० × ४०५ करणे हा वाईट उपाय होय. त्यात तपशील गमावतो आणि एकाआड एक रेषांनी बनलेल्या चित्रात हालचालींच्या कडा फाटल्यासारख्या दिसतात.

काही कॅमेरे मात्र ४:३ चौकटीतच वर-खाली काळ्या पट्ट्या घालतात. तेथे ताणणे चुकीचे ठरते. पट्ट्या कापून मधल्या ४३२ रेषा ठेवाव्या लागतात. पडताळणीसाठी थाळी किंवा घड्याळ समोरून दिसणारे दृश्य निवडावे. ते गोल दिसेपर्यंत मूळ फीत टाकू नये.