पस्तिसाव्या किलोमीटरला कोण उभं आहे?

माण तालुक्यातल्या मोही गावच्या ललिता बाबरचं नाव आपल्यापैकी बहुतेकींना माहीत आहे. २०१४ साली मुंबई मॅरेथॉनमध्ये ती भारतीय महिलांत सलग तिसऱ्यांदा पहिली आली. पहिल्या येणाऱ्या बाईसाठी टाळ्या सगळेच वाजवतात. आज आम्ही बोलणार आहोत ते तिच्या कितीतरी मागून येणाऱ्या बाईबद्दल, आणि त्याहून जास्त, तिच्यासाठी रस्त्याच्या कडेला उभ्या राहणाऱ्या मैत्रिणींबद्दल.

पूर्ण मॅरेथॉन म्हणजे ४२ किलोमीटर १९५ मीटर. नवख्या बाईला पाच-सहा तास लागतात. आपलं शरीर स्नायूंत आणि यकृतात साखरेचा साठा करून ठेवतं. तो साठा साधारण तीस किलोमीटरच्या पुढे संपत येतो. पाय जड होतात, डोकं सुन्न होतं, काही कारण नसताना रडू येतं. धावणारे याला ‘भिंत’ म्हणतात. मुंबईत तर परतीच्या वाटेवर साधारण त्याच सुमाराला पेडर रोडचा चढ लागतो, आणि तोवर ऊनही वर आलेलं असतं.

आता मैत्रिणीच्या हाकेनं काही पोटात साखर पडत नाही. मग तिचा उपयोग काय? थकवा नुसता पायांत नसतो. ‘एवढे कष्ट कशासाठी, थांबलं तर काय बिघडेल?’ असा हिशेब मेंदू सारखा करत असतो. ब्रिटनमधल्या संशोधकांनी २०१४ साली सायकल चालवणाऱ्यांवर एक प्रयोग केला. त्यांच्या समोर पडद्यावर माणसांचे चेहरे इतक्या झटकन दाखवले, की ते पाहिल्याचं त्यांना कळलंही नाही. तरी हसरे चेहरे दाखवले तेव्हा ते जास्त वेळ टिकले, दुःखी चेहऱ्यांना कमी. नुसत्या चित्राची ही गत, तर ओळखीच्या माणसाची काय असेल!

अमेरिकेत बोस्टनची मॅरेथॉन १८९७ पासून चालू आहे. वाटेत अर्ध्यावर वेलस्ली नावाचं मुलींचं कॉलेज लागतं. तिथल्या मुली रस्त्याला उभ्या राहून इतक्या ओरडतात, की तो आवाज धावणाऱ्यांना लांबूनच ऐकू येतो. १९६६ साली तिथे बायकांना धावायला परवानगी नव्हती. बॉबी गिब नावाची तरुणी सुरुवातीच्या जागेजवळ झुडपात लपली आणि पुरुषांच्या घोळक्यात शिरून धावली. ती वेलस्लीला पोचली तेव्हा मुलींनी केलेला जल्लोष तिनं पुढे अनेकदा सांगितला आहे. बायकांना तिथे रीतसर प्रवेश मिळाला तो १९७२ मध्ये.

आपल्याला हे तसं नवं नाही म्हणा. वारीच्या वाटेवर पाणी, चहा, भाकरी घेऊन गावंच्या गावं उभी असतात.

आमच्या गटातल्या एका ताईंनी मुंबईला पूर्ण मॅरेथॉन धावायचं ठरवलं. घरचं कुणी येणार नव्हतं. ‘या वयात हे काय खूळ’ एवढंच त्यांच्या वाट्याला आलं होतं. बैठकीत ठरलं, आपल्यातल्या दोघींनी जायचं. एकीचं म्हणणं, शेवटच्या रेषेवर उभं राहू, फोटो चांगला येईल. पण रेषा दिसायला लागली की माणूस आपोआप पोचतो. गरज असते ती त्याआधी. म्हणून आम्ही ग्रँट रोड स्टेशनला उतरून चालत केम्प्स कॉर्नरजवळ गेलो. तिथे त्यांना भेटून लोकलनं चर्चगेट गाठता येतं आणि त्या पोचायच्या आत शेवटच्या टप्प्यालाही उभं राहता येतं. रविवारचा मेगाब्लॉक तेवढा आधी बघून ठेवावा.

जागा आदल्या दिवशीच पक्की करा, बाजूसकट. ‘डाव्या हाताला, दोघींच्या पिवळ्या ओढण्या’ असं आम्ही सांगितलं होतं. त्याचा फायदा आम्ही दिसण्याआधीपासूनच झाला. तिसाव्या किलोमीटरपासून आपण पिवळं काहीतरी शोधत पळत होतो, असं ताईंनी नंतर सांगितलं. हाक नावानं मारा. ‘झालंच, आता थोडंच राहिलं’ असं सहा किलोमीटर बाकी असताना म्हणू नका, राग येतो. ‘पुढच्या सिग्नलपर्यंत चला’ हे खरं असतं आणि पायांना जमण्यासारखं असतं. संत्र्याची फोड, मीठ, जे त्यांनी सरावात खाल्लं असेल तेच पुढे करा. साधं पाणी भराभर पाजू नका; फार पाण्यानं रक्तातलं मीठ उतरतं आणि तेही जिवावर बेतू शकतं. आणि हो, रस्त्यात उतरून सोबत पळायचं नाही, ते नियमात बसत नाही.

एक गोष्ट मात्र नीट ऐका. छातीत दुखतंय, झोकांड्या जातायत, विचारलेल्याचं उत्तर भलतंच येतंय, असं दिसलं तर ‘चल, चल’ म्हणायचं नाही. थांबवायचं, आणि जवळच्या स्वयंसेवकाला सांगून डॉक्टरांना बोलवायचं. ओळखीचं माणूस हे अनोळखी गर्दीपेक्षा लवकर ओळखतं. आमच्या मते उभं राहण्याचं हे सगळ्यात मोठं काम आहे.

शर्यत संपली की लगेच बसू देऊ नका, दहा मिनिटं हळूहळू चालवा. कोरडे कपडे आणि काहीतरी खारट जवळ ठेवा. परतीच्या एसटीत त्यांना खिडकीची नको, कडेची जागा द्या. पाय लांब करता येतात.