‘डी’ची कळ गेली तर…

इनस्क्रिप्ट मांडणीत पाय मोडण्याचे चिन्ह ‘डी’च्या कळेवर असते. ती बंद पडली तरी ‘नागपूर’ सहा कळांत नीट उमटते. पण ‘सीताबर्डी’चे ‘सीताबरडी’ आणि ‘विदर्भ’चे ‘विदरभ’ होते. असा मजकूर कृपया पुढे पाठवू नका. विंडोज, कंट्रोल आणि ‘ओ’ एकदम दाबा. पडद्यावर कळफलक उघडतो, त्यावर ते चिन्ह माउसने टिपता येते. रोजचेच लिखाण असेल तर मायक्रोसॉफ्टच्या मोफत ‘पॉवरटॉइज’मधून ‘कॅप्स लॉक’ला ‘डी’चे काम द्या. कळ नुसती अडकत असेल, तर उन्हाळ्यातली धूळ आधी झटका: संगणक बंद करून, मऊ ब्रशने. लॅपटॉपची कळ स्क्रू ड्रायव्हरने उचकटू नका; खालची नाजूक प्लास्टिकची पकड तुटते.