निवेदकाविना बोलणारा माहितीपट

माहितीपट म्हटला की कानात आधी घुमतो तो निवेदकाचा भारदस्त आवाज. चित्रपटगृहात मुख्य खेळाआधी फिल्म्स डिव्हिजनचे लघुपट पाहिलेल्या माझ्या पिढीला तो चांगलाच ओळखीचा आहे. पण मित्रहो, १९४२ साली, ऐन महायुद्धात, ब्रिटनमध्ये सरकारी खर्चाने एक प्रचारपट निघाला, त्यात निवेदकच नव्हता. ‘लिसन टू ब्रिटन’ हे त्याचे नाव. तो केला हम्फ्री जेनिंग्ज यांनी, संकलक स्टुअर्ट मॅकॅलिस्टर यांच्या जोडीने.

जेनिंग्ज यांचा जन्म १९०७चा, शिक्षण केंब्रिजचे. ते कविता लिहीत, चित्रे काढीत. १९३४ साली ते पोस्ट खात्याच्या चित्रपट विभागात आले. १९३७ साली सामान्य माणसांच्या रोजच्या जगण्याची नोंद ठेवणारी ‘मास ऑब्झर्वेशन’ ही चळवळ त्यांनी दोन मित्रांसह सुरू केली. पुढच्या कामाचे बीज इथेच आहे.

‘लिसन टू ब्रिटन’ जेमतेम वीस मिनिटांचा. गव्हाच्या शेतावरून विमाने घोंघावत जातात, नाचघरात जोडपी गिरक्या घेतात. कारखान्याच्या उपाहारगृहात दोन विनोदी कलाकार गातात, कामगार शिट्टीने साथ देतात. त्या गाण्याच्या सुरातूनच आपण लंडनच्या नॅशनल गॅलरीत पोचतो. तिथे मायरा हेस पियानोवर मोझार्ट वाजवताहेत आणि श्रोत्यांत राणीही बसली आहे. या दोन संगीतांत थोर कोणते, हे कुणी सांगत नाही. शत्रूला शिवीगाळही नाही. परदेशांत दाखवताना मात्र त्याला एक बोलके प्रास्ताविक जोडले गेले. आज ते उपरेच वाटते.

१९४३च्या ‘फायर्स वेअर स्टार्टेड’मध्ये खऱ्याच अग्निशामक जवानांनी भूमिका केल्या. त्याच वर्षीचा ‘द सायलेंट व्हिलेज’ मला अधिक अस्वस्थ करतो. नाझींनी १९४२च्या जूनमध्ये चेकोस्लोव्हाकियातले लिडित्से हे गाव उद्ध्वस्त केले, तिथल्या पुरुषांना गोळ्या घातल्या. हे आपल्याच गावात घडले असते तर, अशी कल्पना करून वेल्समधल्या एका खाणगावाच्या रहिवाशांनी तो प्रसंग स्वतः उभा केला. त्यात वेल्श भाषेवर बंदी येते. दूरच्या माणसाचे दुःख असे स्वतःच्या उंबऱ्यावर आणले जाते.

‘अ डायरी फॉर टिमथी’त निवेदन आहे, ई. एम. फॉर्स्टर यांनी लिहिलेले. पण तेही उपदेश करीत नाही. युद्धाच्या शेवटच्या वर्षी जन्मलेल्या बाळाला ते विचारते, की आता या जगाचे तू काय करणार?

१९५० साली ग्रीसच्या पोरोस बेटावर चित्रीकरणाची जागा शोधताना कड्यावरून पडून जेनिंग्ज गेले. वय अवघे ४३. यंत्रयुगाविषयीचे उतारे त्यांनी वर्षानुवर्षे जमवले होते. ते ‘पँडेमोनियम’ या नावाने १९८५ साली पुस्तकरूपात आले, आणि २०१२च्या लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटन सोहळ्याला त्यातून प्रेरणा मिळाली.

कवितेत दोन प्रतिमा शेजारी ठेवून कवीने बाजूला व्हायचे असते. युद्धकाळात, सरकारी पैशावर, जेनिंग्ज यांनी तेच केले. पाहणाऱ्याला कळेल, एवढा भरवसा त्यांना होता.