दातांतलं गाव

ज्वारीची भाकरी खाऊन वाढलेल्या माणसाची हाडं भात खाऊन वाढलेल्या माणसाच्या हाडांपासून वेगळी ओळखता येतात, हे वाचलं आणि मी सोलापूरची असल्यामुळे लगेच कान टवकारले. ज्वारी, बाजरी, नाचणी, मका ही पिकं हवेतला कार्बन एका रीतीने पकडतात; भात, गहू, जव आणि डाळी दुसऱ्या रीतीने. कार्बनचे काही अणू हलके तर काही किंचित जड असतात. भाकरीच्या धान्यांत जड अणूंचं प्रमाण थोडं जास्त राहतं आणि ते खाणाऱ्याच्या हाडांतही उतरतं. नायट्रोजनच्या अशाच मोजणीवरून मांस-मासे किती पोटात गेले याचा अंदाज येतो. हाडातलं प्रथिन टिकलेलं असेल, तर हजारो वर्षांनंतरही हा हिशेब वाचता येतो.

हे झालं जेवणाचं. माणूस कुठून आला, ते दात सांगतात. दातावरचं कठीण कवच, म्हणजे इनॅमल, एकदा तयार झालं की पुन्हा बदलत नाही. पहिली कायमची दाढ जन्मापासून साधारण तिसऱ्या वर्षापर्यंत घडते, अक्कलदाढ शाळेच्या वयात. त्या काळातल्या अन्नपाण्यातून स्ट्रॉन्शियम नावाचं मूलद्रव्य दातात जाऊन बसतं, आणि त्याचा नमुना तिथल्या खडकाप्रमाणे बदलतो. दख्खनच्या काळ्या कातळाचा एक, आपल्या इथल्या बुकित तिमाच्या ग्रॅनाइटचा दुसरा. हाड मात्र जन्मभर झिजतं आणि भरतं, त्यामुळे त्यात अलीकडच्या काही वर्षांची सरासरी सापडते. थोडक्यात, दात म्हणजे माहेर आणि हाड म्हणजे सासर!

२०१५ साली हडप्पा इथल्या दफनभूमीतले दात असेच तपासले गेले. लहानपण दुसऱ्या मुलखात काढलेली माणसं त्या शहरात येऊन राहिली होती, असं त्यातून दिसलं. शहर म्हटलं की बाहेरून आलेली माणसं आलीच. साडेचार हजार वर्षांपूर्वीही.

नुसत्या हाडांच्या वाढीवरूनही किती कळतं, याचं उदाहरण तर आपल्या घरचंच आहे. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. सांकळिया, ढवळीकर आणि अन्सारी यांच्या नेतृत्वाखाली डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तिथे उत्खनन केलं. इ.स.पू. १६०० ते ७०० पर्यंतच्या शेतकऱ्यांची ही वस्ती. जव हे त्यांचं मुख्य पीक. तिथे दोनशेहून अधिक सांगाडे निघाले आणि त्यांतले बहुतेक लहान मुलांचे होते. मूल गेलं की दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवायची, त्यांत त्याला निजवायचं आणि घरातच जमिनीखाली पुरायचं. ते दूर जाऊ नये असं त्या आईला वाटत असेल का? मला तरी तसंच वाटतं.

या सांगाड्यांचा अभ्यास सुभाष वाळिंबे आणि जॉन लुकाच यांनी केला. पुढे ग्वेन रॉबिन्स शुग यांनी २०११ च्या आपल्या पुस्तकात बालकांच्या हाडांची वाढ तपासली. इ.स.पू. १००० नंतरच्या मुलांमध्ये कुपोषणाच्या खुणा दिसतात. त्याच काळात मोठी चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या होत्या. अखेर लोक गाव सोडून गेले. आपण नोकरीची पत्रं हातात घेऊन चांगी विमानतळावर उतरलो. त्यांच्या जाण्यामागे आधी मुलांची खपाटीला गेलेली पोटं होती. स्थलांतर या एकाच शब्दात आपण दोन्ही बसवतो, पण हाडांना त्यातला फरक कळतो.

माझे दात सोलापूरचे. माझी मुलगी मात्र इथे जन्मली. सिंगापूरचं नव्वद टक्क्यांहून अधिक अन्न बाहेरून येतं, तेव्हा तिच्या दाढांत थायलंडचा तांदूळ, मलेशियाची भाजी आणि जोहोरचं पाणी यांची खिचडी असणार. उद्याच्या संशोधकाची त्यात पंचाईत होईल. ‘हिच्यात आपलं गाव कुठे उरलं?’ हा प्रश्न मला बरेच दिवस छळत होता.

मग ऑस्ट्रेलियातल्या ब्रायन गल्सन यांचं १९९७ सालचं संशोधन वाचनात आलं. तिथे स्थलांतरित झालेल्या स्त्रियांच्या हाडांत जुन्या देशातलं शिसं साठलेलं होतं, आणि गरोदरपणात ते सुटून रक्तात उतरत होतं. शिसं हे विषच. पण त्याची वाट कॅल्शियमची आहे. बाळासाठी आईचं हाड थोडं विरघळतं. दुधाच्या दातांची घडण तर पोटातच सुरू होते. म्हणजे मायदेश सोडून आलेली बाई आपल्या हाडांतलं गाव काही अंशी मुलाला देते. त्यातलं चांगलंही आणि वाईटही, निवड न करता.

आमच्याकडे पडलेला दुधाचा दात छपरावर फेकायची पद्धत. इथे चौदाव्या मजल्यावर छप्पर कुठलं आणायचं? लेकीचे सगळे दात मी कुंकवाच्या एका जुन्या डबीत ठेवले आहेत. डबी आईची आहे, सोलापूरच्या बाजारातली.