अंतराळ स्थानकातले कपडे
आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात हवेचा दाब आणि तापमान घरातल्यासारखेच असल्याने अंतराळवीर साधा टी-शर्ट आणि पँट घालतात. जाडजूड स्पेससूट बाहेर पडतानाच लागतो. पँटवर वेल्क्रोच्या पट्ट्या असतात. पेन तिथे चिकटवले नाही तर तरंगत जाते. पायांत बहुधा नुसते मोजे. पावले दांड्यांखाली अडकवून स्थिर राहावे लागत असल्याने घट्टे पडतात ते पावलांच्या वरच्या बाजूला.

खरी अडचण धुण्याची. पाणी मोलाचे, वॉशिंग मशीन नाही, त्यात रोज सुमारे २ तास व्यायाम! म्हणून एकच कपडा अनेक दिवस वापरतात. जपानचे अंतराळवीर कोइची वाकाता यांनी २००९ मध्ये घामाचा वास रोखणारी अंतर्वस्त्रे सुमारे महिनाभर घालून पाहिली. टाकाऊ कपडे मालवाहू यानात भरतात. पृथ्वीच्या वातावरणात शिरताना ते यानासह जळून जातात.